चुका पोटांत घालणारें लोखंड

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, असा आपल्याकडील समज आहे आणि तो अगदींच निराधार नाहीं. कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं गोऱ्या साहेबांनीं ह्या खेळाचे क्लब काढले, तेव्हां एतद्देशीय माणसाचा त्या हिरवळीवर प्रवेश झाला तो बहुधा दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊनच. परंतु ह्या खेळाच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, गोल्फचें मैदान आयुष्यांत न पाहिलेल्या माणसासही तें ऐकतांना आपल्याच घरची कांहीं हकीकत ऐकल्यासारखें वाटावें. निष्णाताच्या हातांत शोभणारें हत्यार सामान्य माणसानें घ्यावें, कीं सामान्याच्या चुका पोटांत घालणारें घ्यावें, असा त्यांतील प्रश्न आहे. आणि ह्या प्रश्नापायीं हंसें, अपमान, कोर्टकचेरी व कोट्यवधि डॉलरांचे दावे एवढें सगळें घडून गेलें आहे.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. चेंडू लहान, व्यासानें पावणेदोन इंचांहूनही किंचित् कमी. तो जमिनीवर निश्चळ पडलेला असतो आणि लांब दांड्याच्या काठीनें त्यास फटका मारून दूरच्या खळग्यांत न्यावयाचा असतो. काठ्या निरनिराळ्या, परंतु चौदांपेक्षां अधिक जवळ बाळगावयाच्या नाहींत, असा नियम अमेरिकेंत १८३८ नव्हे, तर अगदीं अलीकडे म्हणजे १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं झाला. त्यांतील ज्यांच्या टोंकास लोखंडाचें डोकें असतें त्यांना ‘आयर्न’ म्हणतात. चेंडू व लोखंड यांची भेट सेकंदाचा सुमारें अर्धा हजारांश एवढाच वेळ टिकते. तेवढ्यांत जें व्हावयाचें तें होऊन जातें. मागाहून खेळाडूनें कितीही मान वेळावली तरी चेंडू ऐकत नाहीं.

गंमत अशी कीं, आरंभीं ह्या खेळांत लोखंडाला फारसा मानच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू असे तो चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून भरलेला. असे चेंडू वळणें हें मोठ्या मेहनतीचें काम. चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच उतरत, आणि म्हणून ते महागही असत. लोखंडाच्या काठीचा एक चुकार घाव बसला कीं, चामडें फाटून पिसें बाहेर पडत. त्यामुळें लाकडी काठ्यांनींच खेळावें आणि गाडीच्या चाकोरींत किंवा अशाच अडचणींत चेंडू सांपडला तरच लोखंड काढावें, अशी वहिवाट होती. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या गट्टापर्चाचे चेंडू स्कॉटलंडांत निघाले. ह्याविषयीं एक दंतकथा सांगतात. सेंट अँड्र्यूज येथील पॅटर्सन नांवाच्या एका पाद्रीबुवांकडे पूर्वेकडून भगवान् विष्णूची एक मूर्ति आली, तिच्याभोंवतीं गट्टापर्चाचे तुकडे भरलेले होते, आणि त्या तुकड्यांतून त्यांच्या मुलानें पहिला चेंडू वळला. कथेंतील मूर्तीची साक्ष काढण्यास आज कोणी उरलेला नाहीं. पण नवा चेंडू स्वस्त होता, टणक होता, आणि तडा गेलाच तर ऊन पाण्यांत मऊ करून पुन्हां वळतां येत होता.

सेंट अँड्र्यूज येथील अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा अव्वल खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर. नवा चेंडू त्याच्या पोटावर पाय आणणारा होता. त्याच्या हाताखालीं टॉम मॉरिस काम करी. मॉरिस एके दिवशीं गट्टापर्चाच्या चेंडूनें खेळतांना धन्यास दिसला, दोघांचें बिनसलें, आणि पुढें १८५१ सालीं मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. सामान्याची सोय पाहणारें साधन आलें कीं पहिला विरोध होतो तो बहुधा वाकबगारांकडून, ह्याचा गोल्फमधील हा जुना दाखला. रॉबर्टसनची चूक काढणें सोपें आहे. परंतु ज्याची भाकरी बोटांच्या कसबावर चालते त्यानें नव्या वस्तूकडे प्रेमानें पाहावें ही अपेक्षा जराशी कठोरच म्हटली पाहिजे.

टणक चेंडू आल्यावर लोखंडाचें राज्य सुरू झालें. स्कॉटलंडांतील लोहार लाल तापलेल्या लोखंडावर घण घालून डोकीं घडवीत. डोकें म्हणजे एक पातळ, घोटीव पातें. वजन सगळें मध्याच्या मागें एकवटलेलें. त्याच्या पृष्ठभागावर एक मर्मस्थान असे. चेंडू नेमका त्या ठिकाणीं लागला तर हाताला लोणी कापल्यासारखें वाटे. तो अर्ध्या इंचानें जरी इकडे-तिकडे लागला, तरी थंडींत बोटांना झिणझिण्या येत आणि चेंडू भलतीकडे जाई. क्रिकेटची बॅट किंवा विटीदांडूचा दांडू ज्यानें धरला आहे त्याला ही झिणझिणी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

पुढें काठ्यांचे दांडे हिकरी लाकडाचे होते ते पोलादाचे झाले. ब्रिटनमध्यें त्यांना १९२९ सालीं मान्यता मिळाली. दांडा बदलला, पण पातें तसेंच राहिलें. त्या पात्याभोंवतीं एक प्रकारचें तेज जमा झालें होतें. बॉबी जोन्स हा अटलांटाचा वकील. त्यानें १९३० सालीं एकाच वर्षांत ब्रिटन व अमेरिका ह्या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारही अजिंक्यस्पर्धा जिंकल्या. तो स्वतः शेवटपर्यंत हौशीच होता, हें विसरतां कामा नये. त्याच्या नांवाचीं लोखंडें बाजारांत आलीं आणि हजारों कारकून, डॉक्टर व व्यापारी यांनीं तीं विकत घेतलीं. त्यानंतर बेन होगन आला. १९४९ मध्यें मोटार अपघातांत त्याचीं हाडें मोडलीं होतीं; पुढच्याच वर्षीं त्यानें अमेरिकन ओपन जिंकली, आणि १९५३ सालीं एका वर्षांत तीन मोठ्या स्पर्धा मारल्या. ह्याच होगननें काठ्यांचा कारखाना काढला. पहिली खेप तयार झाली ती मनास येईना, म्हणून भागीदारांचा विरोध पत्करून त्यानें ती सगळी मोडींत काढावयास लावली. असल्या माणसाच्या नांवाचें पातें हातीं असावें असें कोणास वाटणार नाहीं? आदित्यवारीं सकाळीं दोन तास खेळणारा गृहस्थ होगनचें पातें विकत घेऊं शकत होता. होगन उजाडल्यापासून मावळेपर्यंत चेंडू मारीत राहून बोटें सोलून घेई, ती तालीम कांहीं दुकानांत मिळत नव्हती.

ह्या ठिकाणीं कथेंत एक चमत्कारिक पुरुष प्रवेश करतो. कार्स्टन सोल्हाइम ह्याचा जन्म १९११ सालीं नॉर्वेंतील बेर्गेन येथें झाला. अगदीं लहानपणींच तो अमेरिकेंत सिअ‍ॅटलला आला. बापाचा धंदा जोडे शिवण्याचा. पैशाअभावीं विद्यापीठाचा अभ्यास अर्धवट टाकून मुलालाही तोच धंदा करावा लागला. पुढें महायुद्धाच्या काळांत तो विमानांच्या कारखान्यांत यंत्रकाम करूं लागला आणि नंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनींत इंजिनियर झाला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यानें गोल्फची काठी हातीं धरलेली नव्हती. कचेरींतल्या सोबत्यांनीं खेळावयास नेलें, तेव्हां खळग्याजवळचे हळुवार फटके त्याला कांहीं केल्या साधेनात. दुसरा एखादा आपल्या हातास दोष देऊन गप्प बसला असता, नाहीं तर शिक्षक लावता. ह्यानें हत्याराकडे पाहिलें.

हळुवार फटक्याच्या काठीला ‘पटर’ म्हणतात. सोल्हाइमला दिसलें कीं, चेंडू मधोमध न लागतां कडेला लागला कीं पटरचें डोकें हातांतल्या हातांत वळतें आणि चेंडूची दिशा चुकते. मग तें वळूं नये म्हणून काय करावें? त्यानें आइसक्रीमच्या दोन काड्यांच्या टोंकांना साखरेच्या वड्या डकवून प्रयोग केला, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. वजन मध्यावरून काढून दोन्ही टोंकांना नेलें कीं वस्तु सहजासहजीं फिरत नाहीं, हें त्यांतील इंगित. आपल्याकडील डोंबारी तारेवरून चालतांना लांब आडवी काठी धरतो ती ह्याच कारणासाठीं. काठीचें वजन दोन बाजूंना दूर गेलेलें असतें म्हणून ती चटकन् कलत नाहीं, आणि तेवढ्या उसंतींत डोंबारी आपला तोल सांवरून घेतो. पदार्थविज्ञानांत ह्याला जडत्वाचा आघूर्ण असें भारदस्त नांव आहे. डोंबाऱ्याला तें ठाऊक नसतें आणि त्यावांचून त्याचें अडतही नाहीं.

१९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील रेडवुड सिटी येथें राहत्या घराच्या मोटारखान्यांत सोल्हाइमनें पहिला पटर तयार केला. चेंडू लागला कीं त्यांतून ‘पिंग’ असा नाद निघे, म्हणून नांवही तेंच पडलें. तो स्पर्धांच्या ठिकाणीं जाऊन नामांकित खेळाडूंना आपली काठी दाखवी आणि खेळाडू हंसत. काठी दिसावयास खरोखरच बेढब होती. पुढें १९६६ सालीं एका जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या वेष्टनावर त्यानें नव्या पटरची आकृति काढली. पत्नी लुईज हिनें ‘उत्तर’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द नांवासाठीं सुचविला, आणि तो लोखंडावर मावेना म्हणून त्यांतील एक अक्षर गाळण्यासही तिनेंच सांगितलें. ‘अँसर’ ह्या नांवानें निघालेल्या त्या पटरनें १९६७ सालीं ज्युलियस बोरोसनें फीनिक्सची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षीं सोल्हाइमनें पेन्शन-पगाराची नोकरी सोडली. वय छप्पन्नाच्या घरांत. ज्या वयांत माणसें हिशेब मिटवूं लागतात त्या वयांत त्यानें नवी खातेवही उघडली.

आतां लोखंडांची पाळी आली. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांतच त्यानें घडीव पात्यांच्या पाठी कोरून पाहिल्या होत्या. मधलें लोखंड काढून तें कडेकडेला वांटावयाचें, म्हणजे पाठीमागें एक पोकळी राहते आणि भोंवतीं जाड कांठ. कुंभाराचें चाक कडेला जड असतें म्हणून संथ फिरत राहतें, तसलाच हा विचार. चेंडू मर्मस्थानापासून ढळून लागला तरी असें डोकें कमी वळतें. चेंडू थोडा आंखूड पडतो, परंतु पार झाडींत जात नाहीं. तळ रुंद केला कीं लोखंड मातींत रुतत नाहीं, आणि वजन खालीं उतरविलें कीं चेंडू हवेंत सहज उचलला जातो. चूक नाहींशी होत नाहीं. तिची शिक्षा सौम्य होते, एवढेंच.

पण असला वेडावांकडा आकार घणाखालीं घडविणें कठीण. म्हणून सोल्हाइमनें मेणाच्या सांच्याची ओतीव पद्धति धरली. आधीं मेणाचें डोकें करावयाचें, त्यावर मातीसारख्या पदार्थाचे थर चढवावयाचे, मेण वितळवून काढावयाचें आणि त्या पोकळींत न गंजणारें पोलाद ओतावयाचें. ही विद्या भारतीयांस नवी नाहीं. तंजावराकडील चोल काळांतील नटराजाच्या मूर्ति ह्याच तत्त्वावर घडल्या, आणि बस्तरचे कारागीर आजही त्याच रीतीनें पितळेचे घोडे-हत्ती करतात. १९६९ सालीं ओतीव लोखंडांचा पहिला संच निघाला. घडीव पात्याचे अभिमानी लोक त्याला नांवें ठेवूं लागले. ओतीव लोखंडाला जीव नसतो, हातांत कांहीं कळत नाहीं, दिसण्यांत तर तें फावड्यासारखें आहे, असे नाना आक्षेप. सोल्हाइमनें आणखी एक गोष्ट केली, तिचें महत्त्व मात्र कमी ओळखलें गेलें. खेळाडूची उंची, हात जमिनीपासून किती वर येतो, ह्यांचें माप घेऊन त्याप्रमाणें डोक्याचा कोन बदलून द्यावयाचा आणि रंगीत ठिपक्यानें त्याची खूण ठेवावयाची, अशी व्यवस्था त्यानें चालू केली. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाला पायाचें माप घेतल्यावांचून जोडा देणें अधर्मच वाटलें असावें.

१९८२ सालीं ‘आय-टू’ नांवाचा संच आला आणि पाहतां पाहतां तो जगभर खपला. येथपर्यंत कथा सुखाची; पुढें ती आंबट होते. लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या खांचा असतात. त्यांनीं चेंडूला फिरकी मिळते. १९८४ पासून ह्या खांचा चौकोनी ठेवण्याची मुभा नियमांनीं दिली होती. चौकोनी खांचांच्या धारेनें मऊ चेंडूंचें वेष्टन ओरखडतें, अशी खेळाडूंची तक्रार आली, तेव्हां सोल्हाइमनें त्या धारा किंचित् गोल केल्या. ग्राहकाचें समाधान झालें आणि संकट उभें राहिलें! खांचेच्या रुंदीच्या तिप्पट अंतर दोन खांचांमध्यें असलें पाहिजे, असा नियम होता. धार गोल झाल्यावर खांचेची रुंदी कोठून मोजावयाची? अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशननें एका रीतीनें मोजलें, सोल्हाइमनें दुसऱ्या. असोसिएशनच्या मापानें अंतर केसाइतकें कमी भरलें आणि १९८७ मध्यें ‘आय-टू’ नियमबाह्य असल्याचें जाहीर झालें.

ह्या केसाएवढ्या अंतरांत काय काय सांठलें होतें तें पाहण्यासारखें आहे. असोसिएशनची बाजू सर्वस्वीं खोटी नव्हती. खेळाचा कस राहावयाचा तर हत्याराला कोठेंतरी मर्यादा हवी. उंच गवतांतूनही चेंडू हुकुमी फिरूं लागला तर सरळ मारणाऱ्याच्या कौशल्याची किंमत काय राहिली? व्यावसायिकांच्या संघटनेचेंही हेंच म्हणणें होतें. परंतु हजारों साध्या माणसांनीं पैसे मोजून घेतलेल्या काठ्या एका रात्रींत बेकायदा ठराव्यात आणि करणाऱ्यावर लबाडीचा शिक्का बसावा, हें सोल्हाइमला सहन झालें नाहीं. १९८९ सालीं त्यानें असोसिएशनवर दहा कोटि डॉलरांचा दावा लावला आणि वर्षअखेरीस व्यावसायिकांच्या संघटनेलाही कोर्टांत खेंचलें. सत्तरी उलटून गेलेला म्हातारा, आणि समोर खेळाचे सगळे धुरीण! पुष्कळांना ही हट्टाची परमावधि वाटली. असोसिएशनशीं १९९० च्या जानेवारींत तडजोड झाली. तीप्रमाणें त्या वर्षींच्या मार्चअखेरपर्यंत झालेल्या ‘आय-टू’ काठ्या कायमच्या नियमसंमत ठरल्या आणि पुढच्या काठ्यांच्या खांचांत बदल करण्याचें सोल्हाइमनें मान्य केलें. व्यावसायिकांशीं भांडण १९९३ पर्यंत चाललें आणि संघटनेनें बंदी मागें घेतल्यावर मिटलें.

आतां हौशी खेळाडूनें कोणतें लोखंड घ्यावें ह्याबद्दल पातळ पात्याच्या पक्षाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. कठीण हत्यारावरच हात बसतो, असें ते सांगतात. चूक झाली कीं पातें ताबडतोब टोंचून सांगतें, गुबगुबीत लोखंड मात्र ती लपवितें. शिवाय चेंडूला मुद्दाम डावीकडे वा उजवीकडे वळवावयाचें, तर पातळ पातें अधिक आज्ञाधारक असतें. ही बाजू टाकाऊ नाहीं. बोरूनें गिरविल्यावांचून अक्षराला वळण लागत नाहीं, असें जुने पंतोजी म्हणत, आणि त्यांच्या हाताखालून निघालेल्यांचीं अक्षरें खरोखर मोत्यासारखीं असत. परंतु तीं मुलें रोज दोन दोन तास गिरवीत होतीं. आठवड्यास एकदां बोरू हातीं घेणाऱ्याचें अक्षर वळणदार होणार नाहीं. शाई तेवढी सांडेल. पोटासाठीं खेळणारा दिवसाकांठीं शेंकडों चेंडू मारतो, म्हणून पात्याची कानउघाडणी त्याच्या उपयोगीं पडते. हौशी माणसाला ती ऐकूं येते, पण दुरुस्तीला पुढचा आदित्यवार उजाडावा लागतो. खुद्द व्यावसायिकांतही आज पुष्कळ जण लांब पल्ल्यासाठीं पोकळ पाठीचें लोखंड आणि जवळच्या नेमासाठीं पातळ पातें असा मिश्र संसार करतात. त्यांना त्यांत कमीपणा वाटत नाहीं. कमीपणा वाटतो तो बहुधा पिशवींतील लोखंडाकडे शेजारी पाहतो आहे अशा शंकेनें पछाडलेल्या गृहस्थाला.

चुका सांभाळणाऱ्या लोखंडाच्या नांवाखालीं विक्रेत्यांनीं जी एक चलाखी चालविली आहे, ती मात्र सांगितलीच पाहिजे. प्रत्येक लोखंडावर आंकडा असतो. आंकडा जितका मोठा तितका पृष्ठभाग अधिक कललेला आणि चेंडू अधिक उंच व जवळ पडणारा. पूर्वीं सात आंकड्याच्या लोखंडाचा कल पस्तीस अंशांच्या वर असे. अलीकडे कांहीं संचांत तो तीस अंशांच्याही खालीं आणला आहे. आंकडा सातच ठेवला आणि लोखंड पूर्वींच्या पांचाचें दिलें, तर चेंडू लांब जाणारच! प्रश्नपत्रिका सोपी काढून वर्गाचा निकाल वाढविण्यासारखें हें आहे, आणि त्याचें श्रेय बिचाऱ्या सोल्हाइमच्या तत्त्वाकडे जातें तें फुकट. हौशी माणसानें लोखंड निवडतांना आंकड्याकडे न पाहतां, वाईट फटका कोठवर गेला हें पाहावें. चांगला फटका कोणत्याही लोखंडावर चांगलाच असतो.

सोल्हाइम २००० सालच्या फेब्रुवारींत वारला. त्याच्या मागें दहा वर्षांनीं त्या जुन्या भांडणाचा एक विलक्षण पडसाद उठला. २०१० पासून अव्वल स्पर्धांतून धारदार चौकोनी खांचा बंद झाल्या. परंतु तडजोडीच्या कलमामुळें १९९० पूर्वींच्या ‘आय-टू’ तेवढ्या सुटल्या. तेव्हां ज्याच्या हस्तकौशल्याची जगभर ख्याति, अशा फिल मिकलसननें कॅलिफोर्नियांतील टॉरी पाइन्सच्या स्पर्धेंत वीस वर्षांची जुनी ‘आय-टू’ काठी पिशवींतून बाहेर काढली. एका प्रतिस्पर्ध्यानें उघड उघड फसवणुकीचा शब्द वापरला, वर्तमानपत्रांतून काहूर उठलें, आणि त्या प्रतिस्पर्ध्याला मागाहून क्षमा मागावी लागली. अखेर मार्च महिन्यांत सोल्हाइमचा मुलगा जॉन ह्यानें, बापानें कोर्टांत झगडून मिळविलेला तो हक्क व्यावसायिकांच्या स्पर्धांपुरता आपण होऊन सोडून दिला. आदित्यवारच्या खेळाडूंच्या पिशव्यांतील जुन्या ‘आय-टू’ काठ्यांना त्यानें हात लावूं दिला नाहीं.